विटाळ आणि संसर्ग : दलित-भटक्यांच्या आत्मकथनांतील साथीचे रोग आणि सामाजिक विषमता

प्रस्तावना :

'रोगाला जात नसते' हे वाक्य भाषणांतून, वृत्तपत्रांतून आणि शालेय निबंधांतून इतक्या वेळा येते की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. जंतुशास्त्राच्या दृष्टीने ते खरेच आहे. क्षयाचा किंवा पटकीचा जंतू माणसाची जात विचारून शरीरात शिरत नाही. परंतु तो ज्या वाटेने माणसापर्यंत येतो ती वाट समाजाने बांधलेली असते. पाणवठ्यावर कोणी जायचे, वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला असायची, मेलेले जनावर कोणी ओढायचे, मैला कोणी उचलायचा आणि आजारी पडल्यावर वैद्याने कोणाची नाडी हातात धरायची, हे सारे परंपरेने ठरलेले होते. त्यातूनच कोणता रोग कोणाला आधी गाठणार हेही पुष्कळ अंशी ठरत होते.

मराठी साहित्यात या वाटेचे सर्वांत तपशीलवार वर्णन दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत आढळते. १९७८ मध्ये दया पवार यांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले आणि पुढील दहा वर्षांत या वाङ्मयप्रकाराने मराठी वाचकाची दृष्टीच बदलून टाकली. समीक्षेने या लेखनातील विद्रोह, जाणीव, बोलीभाषा आणि अनुभवाची सच्चाई यांची भरपूर चर्चा केली. रोगराईची चर्चा मात्र फार थोडी झाली. जेथे झाली तेथे ती 'दारिद्र्य' किंवा 'अंधश्रद्धा' या दोन सदरांत टाकून संपविण्यात आली. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन सदरांची अपुरेपणाची बाजू दाखवून, ही आत्मकथने रोगाची कारणमीमांसा कशी करतात याचा विचार केला आहे.

या विषयाला मराठवाड्याच्या संदर्भात विशेष महत्त्व आहे. नांदेड जिल्ह्यातील मुखेड हा बालाघाटच्या डोंगररांगेतील तालुका. कोरडवाहू शेती, हलकी जमीन, लेंडी नदीचे खोरे, मुक्रमाबाद, बाऱ्हाळी, जांब यांसारख्या बाजारगावांभोवती विखुरलेली खेडी, डोंगरउतारावरचे बंजारा तांडे आणि हंगाम आला की ऊसतोडीसाठी बिऱ्हाड घेऊन निघणारी कुटुंबे, हे या भागाचे परिचित चित्र आहे. शेजारच्या उदगीर भागातून प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) आणि लातूरजवळच्या धनेगावातून लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) मराठी साहित्यात आले. म्हणजेच या वाङ्मयाची भूमी आणि येथील विद्यार्थ्याची भूमी एकच आहे. तरीही वर्गात या पुस्तकांतील आजारपणाविषयी प्रश्न विचारला असता 'समाज अज्ञानी व अंधश्रद्ध होता' हेच ठरावीक उत्तर पुढे येते. हे उत्तर कोठून आले आणि ते पुस्तकाशी कितपत प्रामाणिक आहे, हा या निबंधाचा मूळ प्रश्न आहे.

उद्दिष्टे :

१. निवडक आत्मकथनांतील रोग, मृत्यू व उपचार यांच्या चित्रणाचे स्वरूप पाहणे.
२. 'विटाळ' ही सामाजिक कल्पना आणि 'संसर्ग' ही वैद्यकीय वस्तुस्थिती यांचा परस्परसंबंध तपासणे.
३. या चित्रणाकडे पाहण्याच्या प्रचलित समीक्षादृष्टीची चिकित्सा करणे.
४. आत्मकथनांतून मिळणारी दृष्टी आजच्या मराठवाड्यातील स्थलांतरित कुटुंबांच्या आरोग्याला कितपत लागू पडते, याचा विचार करणे.

अभ्यासाची व्याप्ती व पद्धती :

दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ही पाच आत्मकथने येथे मुख्य आधार म्हणून घेतली आहेत. विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, आवश्यक तेथे महाराष्ट्रातील साथींच्या इतिहासाचा आधार घेतला आहे.

विटाळ आणि संसर्ग :

विटाळ आणि संसर्ग या दोन्ही कल्पनांच्या मुळाशी स्पर्श आहे. स्पर्शाने काहीतरी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, असे दोन्ही मानतात. फरक असा की संसर्ग तपासता येतो, विटाळ तपासता येत नाही. संसर्ग कोणाकडूनही कोणाकडेही जातो. विटाळ मात्र नेहमी एकाच दिशेने, खालून वर जातो असे मानले गेले. विटाळ ही एका अर्थी संसर्गाविषयीची खोटी उपपत्ती होती. तिच्या आधारे समाजाने काही माणसांना गावकुसाबाहेर ठेवले, सार्वजनिक पाण्यापासून तोडले आणि मृत जनावर, मैला, प्रेत यांच्याशी संबंधित सर्व कामे त्यांच्याकडे सोपविली. परिणाम असा झाला की खोट्या संसर्गाच्या भीतीने उभी केलेली ही व्यवस्था खऱ्या संसर्गाचा पुरवठा करणारी यंत्रणा बनली. ज्याच्या स्पर्शाचे भय बाळगले, त्याच्याच वाट्याला खरोखर भयकारक असलेले सारे स्पर्श आले.

या विसंगतीचे इतिहासातील ठळक उदाहरण महाडचे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी मंत्रोच्चारात शेण, गोमूत्र, दूध, दही त्या पाण्यात ओतून तळे 'शुद्ध' केले. पिण्याच्या पाण्यात शेण मिसळणे ही शुद्धी आणि तहानलेल्या माणसाने ओंजळ भरणे ही अशुद्धी, असा हा हिशेब होता. शुद्धता आणि स्वच्छता या दोन शब्दांत किती अंतर पडू शकते, हे या एका घटनेवरून स्पष्ट होते. दलित आत्मकथनांतील रोगराई वाचताना हे अंतर सतत लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

साथीची दोन कथने :

महाराष्ट्रात साथ म्हटले की १८९६-९७ चा प्लेग आठवतो, आणि प्लेग म्हटले की पुण्यातील रँडची राजवट व २२ जून १८९७ ची चापेकर बंधूंची कृती आठवते. घरझडत्या, सोजिरांचा धुमाकूळ, देवघरांचा अवमान हा त्या स्मृतीचा गाभा आहे. ही स्मृती खरी आहे, पण ती एका वर्गाची आहे. त्याच साथीत पुण्याच्या परिसरात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालविला. मुंढवा येथील महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पहिल्या कथनात साथ म्हणजे परकीय सत्तेने ओलांडलेला उंबरठा होय. दुसऱ्या कथनात साथ म्हणजे ज्याला कोणी उचलणार नाही अशा मुलाला उचलण्याचा प्रश्न होय. मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहाने दीर्घकाळ पहिलेच कथन जपले.

साहित्यकृतींच्या पातळीवरही हा भेद दिसतो. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीत पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. मराठी कादंबरीतील शोकाचा हा एक अतिशय उत्कट प्रसंग आहे. तेथे एका मुलीच्या मृत्यूने एका तरुणाचे सारे अर्थविश्व कोसळते. आत्मकथनांत मात्र मुलांचे मृत्यू बहुधा अशा रीतीने येत नाहीत. ते बहुवचनात येतात, दोन वाक्यांत येतात आणि कथन पुढे सरकते. हा भावनेचा अभाव आहे असे समजणे चुकीचे ठरेल. ज्या वस्तीत मृत्यू वारंवार येतो तेथे एकेका मृत्यूसाठी थांबण्याची सवड जगण्याला नसते आणि ती निवेदनालाही नसते. शोक करण्याची सवड हीदेखील विषम वाटणीची गोष्ट आहे, हे या दोन निवेदनपद्धती शेजारी ठेवल्यावर कळते.

अन्न आणि भूक :

'अक्करमाशी'तील एक प्रसंग मराठी वाचकाला विसरता येणे कठीण आहे. निवेदकाची आजी संतामाय शेणात न पचता पडलेले ज्वारीचे दाणे वेचते, धुते, वाळवते आणि दळून त्यांची भाकरी करते. या प्रसंगाचे विवेचन सामान्यतः 'भुकेचे दाहक चित्रण' या शब्दांत केले जाते. ते योग्यच आहे, परंतु पुरेसे नाही. या प्रसंगात भूक आणि रोगाची शक्यता एकाच घासात आहेत. संतामाय दाणे धुते ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. तिला घाण कळत नाही असे नाही. ती तिला कळते, म्हणूनच ती धुते. तिच्याजवळ कमी आहे ती समज नव्हे, दुसरा दाणा कमी आहे.

'जिणं आमुचं' मध्ये मृत जनावरांच्या मांसाचे वर्णन असेच आहे. गावातील मेलेले जनावर ओढणे हे महारकीचे काम आणि त्याचे मांस हा त्या कामाचा मोबदला. जनावरांत साथ आली म्हणजे मालकाच्या घरी आकांत होई आणि महारवाड्यात मात्र चुली पेटत. बेबी कांबळे हे वर्णन संकोच न करता करतात. एका घरची आपत्ती दुसऱ्या घरचा सण व्हावा, अशी ही अन्नव्यवस्था होती आणि त्या सणात रोगी जनावराचे मांस पोटात जात होते. हे अन्न 'निवडलेले' नव्हते. ते बलुत्याचा, म्हणजे कामाच्या करारातील वाट्याचा भाग होते. त्यामुळे येथील धोका हा वैयक्तिक सवयीचा नसून वेतनाच्या स्वरूपाचा आहे.

भूक आणि संसर्ग यांचा संबंध आता वैद्यकशास्त्रानेही नेमकेपणाने मोजला आहे. झारखंडमधील क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्यास त्यांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने काढला. 'आठवणींचे पक्षी'मधील पोरक्या मुलाची भूक किंवा 'अक्करमाशी'तील भाकरीचा शोध हा केवळ करुणेचा विषय नाही. रोगप्रतिकाराच्या दृष्टीनेही तो मध्यवर्ती विषय आहे.

बाळंतपण : स्त्रीच्या आत्मकथनाचे वेगळेपण :

पुरुषांच्या आत्मकथनांत आई असते, तिचे कष्ट असतात, पण तिचे बाळंतपण सहसा बंद दाराआड राहते. बेबी कांबळे यांनी हे दार उघडले. 'स्त्री' मासिकातून प्रथम क्रमशः प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मकथनात कोवळ्या वयातील मुलींची बाळंतपणे, अडल्या वेळी पुनःपुन्हा हात घालून पाहणाऱ्या सुइणी, रक्त टिपण्यासाठी धडका कपडाही नसणे आणि बाळंतीण झालेल्या स्त्रीच्या पोटात अन्नाचा कण नसणे, हे सारे येते. वैद्यकीय भाषेत ज्याला बाळंतपणातील जंतुसंसर्ग म्हणतात त्याची सर्व कारणे या वर्णनात एकत्र आली आहेत.

येथेही सुइणीला अडाणी ठरवून थांबता येणार नाही. शिकलेली दाई किंवा डॉक्टर महारवाड्यात येत नव्हते आणि महारवाड्यातील मुलीला शिकून दाई होण्याची वाट नव्हती. ज्ञानाचा अभाव हाही वाटून दिलेला होता. बेबी कांबळे स्वतः आपल्या समाजातील देवभोळेपणावर कठोर टीका करतात. परंतु त्या टीकेच्या मागोमाग, हे अज्ञान आमच्यावर लादले गेले, असा त्यांचा रोख येतो. अंधश्रद्धेचा उल्लेख उचलायचा आणि तिच्या कारणाचा उल्लेख सोडायचा, हा त्यांच्या लेखनावर अन्याय होय.

मरीआई आणि दोषाचा शोध :

पटकी, देवी, गोवर यांसारख्या साथींच्या काळी मरीआईची उपासना हा महाराष्ट्रातील लोकधर्माचा भाग होता. साथ आली की मरीआईचा गाडा सजवून गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडला जाई. या विधीतील सेवेचा मोठा भार पोतराज आणि महार-मांग समाजाकडे असे. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी या विधीचे वर्णन केले आहे, परंतु त्याच्या दिशेकडे अधिक लक्ष देणे आवश्यक आहे. गाडा गावाबाहेर जातो, म्हणजे रोग गावाबाहेर पाठविला जातो. गावाबाहेर कोण राहते, हे सांगण्याची गरज नाही. रोगाला शिवेपार करण्याची ही कल्पना आणि माणसांना शिवेपलीकडे ठेवण्याची कल्पना यांचे नाते जवळचे आहे.

'उचल्या'तील एक तपशील याहून अधिक गुंतागुंतीचा आहे. लहानगा लक्ष्मण शाळेत जाऊ लागतो तेव्हा त्याच्याच पाथरूट समाजातील लोक अस्वस्थ होतात. वस्तीतील मुलांना हगवण आणि वांत्या होतात, त्याचे खापर त्याच्या शाळेत जाण्यावर फोडले जाते. अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून हा प्रसंग वारंवार दिला जातो. अधिक सावधपणे पाहिले तर त्यात तीन थर दिसतात. पहिला थर असा की वस्तीतील मुलांना खरोखरच पोटाचे विकार होत आहेत आणि गावकुसाबाहेरील झोपड्यांतील पाणी व अन्न पाहता त्यात आश्चर्य नाही. दुसरा थर असा की ज्या समाजाने आजवर शाळेतून काहीही मिळविले नाही, उलट गावाच्या आणि पोलिसांच्या रोषाचाच अनुभव घेतला, त्याला मर्यादा ओलांडल्याची शिक्षा होणार ही भीती स्वाभाविक वाटते. तिसरा थर सर्वांत महत्त्वाचा आहे. साथ आली की तिचे कारण पाण्यात न शोधता कोणाच्या तरी आगळिकीत शोधायचे, ही रीत वरच्या समाजाची होती आणि ती खालपर्यंत झिरपली होती. दोषी नेहमी माणूस ठरतो, पाणवठा ठरत नाही.

वस्ती : गावकुसापासून कावाखान्यापर्यंत :

गाव सोडले म्हणजे जात सुटते, ही आशा घेऊन अनेक कुटुंबे मुंबईला गेली. 'बलुतं'मधील कावाखाना हे त्या आशेचे उत्तर आहे. एका खोलीत आडपडदे लावून राहणारी बिऱ्हाडे, दाटीवाटी आणि रस्त्यावरून चिंध्या, कागद, काचा वेचून पोट भरणाऱ्या स्त्रिया, असे हे जग आहे. गावातील मेलेले जनावर गेले, त्याची जागा शहराच्या कचऱ्याने घेतली. कामाचे स्थान बदलले, कामाचा प्रकार बदलला नाही.

अशा वस्तीचा साथीशी काय संबंध असतो, याचा आकडाही उपलब्ध आहे. 'बलुतं'तील मुंबईच्या थोडे आधी, १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, म्हणजे लोक जिला 'मानमोडी' म्हणत त्या साथीत, मुंबई शहरातील मृत्यूंची जातवार नोंद झाली होती. दर हजारी मृत्यूंचे प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९.०, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि कनिष्ठ मानलेल्या जातींत ६१.६ होते. विषाणू एकच, शहर एकच आणि महिनेही तेच असताना मृत्यूचे प्रमाण सवर्णांच्या तिपटीहून अधिक आणि युरोपियनांच्या सात पटींहून अधिक राहिले. 'रोगाला जात नसते' या वाक्याला याहून स्पष्ट उत्तर देता येणार नाही.

एका शतकानंतरचे चित्रही फारसे निराळे नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत झालेल्या रक्तद्रव सर्वेक्षणात झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के आणि झोपडपट्टीबाहेरील सुमारे १६ टक्के लोकांना कोरोनाची लागण होऊन गेल्याचे आढळले. घराघरात अंतर ठेवा, हात वारंवार धुवा, या सूचना त्या वेळी सर्वांना सारख्याच दिल्या गेल्या. आडपडद्याच्या खोलीत आणि सार्वजनिक नळाच्या रांगेत त्या कशा पाळायच्या, हा प्रश्न 'बलुतं' वाचलेल्या वाचकाला नवा नव्हता.

भटकंती, हजेरी आणि उपचार :

'उपरा'तील कैकाडी कुटुंब गाढवांच्या पाठीवर संसार लादून गावोगाव हिंडते आणि गावाबाहेर पाल ठोकते. 'उचल्या'तील समाजाची स्थिती उलट आहे. त्याला पोलिसांची हजेरी चुकवून गाव सोडता येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरविण्याची पद्धत रूढ केली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, तरी पोलिसांची आणि गावाची नजर बदलली नाही, हे 'उचल्या' दाखवून देते. एकाला थांबू दिले जात नाही आणि दुसऱ्याला हलू दिले जात नाही. आरोग्याच्या दृष्टीने दोघांचा परिणाम सारखाच आहे, कारण दवाखाना, लस, शिधापत्रिका आणि शाळा या सर्व व्यवस्था कायमच्या पत्त्यावर उभ्या असतात. ज्याचा पत्ता संशयास्पद, त्याचे आजारपणही नोंदीबाहेर राहते.

ही गोष्ट केवळ भूतकाळाची नाही. मुखेडसारख्या तालुक्यातील ऊसतोड कुटुंबांची स्थिती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततो. या काळात कुटुंब फडाजवळच्या कोप्यांत राहते. पिण्यासाठी कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी, शौचासाठी उघडे रान आणि पहाटे फडावर जाताना सोबत नेलेले तान्हे मूल, असा हा हंगाम असतो. बालकाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी व पुढे नऊ महिन्यांनी लस द्यावयाची असते. हे वेळापत्रक गावातील अंगणवाडीशी बांधलेले आहे, तर मूल ज्या वेळापत्रकाने वाढते ते साखर कारखान्याच्या गळीत हंगामाशी बांधलेले आहे. औषधाला दाद देणाऱ्या क्षयाचा उपचारही किमान सहा महिन्यांचा असतो. ऊसतोडीचा हंगामही जवळजवळ तेवढाच असतो. शासनाची नोंदपद्धती रुग्णाला दुसऱ्या जिल्ह्यात औषध मिळण्याची सोय करते, परंतु फड बदलला की कोपी बदलते आणि दिवसाची रोजी बुडवून दवाखान्यात जाण्याचा निर्णय मुकादमाच्या हिशेबावर अवलंबून राहतो. उपचार अर्धवट सोडणाऱ्या रुग्णाला 'बेजबाबदार' म्हणणे सोपे आहे. 'उपरा' वाचलेल्या वाचकाने ते म्हणू नये, एवढी अपेक्षा करता येईल.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाने त्यासाठी समिती नेमली. पाण्याचा अभाव, पाळीच्या काळातही न थांबणारे काम आणि त्यातून बळावणारे विकार यांवर उपाय म्हणून अवयवच काढून टाकणे, हा बेबी कांबळे यांनी वर्णिलेल्या बाळंतपणाचा आधुनिक अवतार म्हणावा लागेल. तेथे शिकलेले हात पोचत नव्हते. येथे ते पोचले, पण पाणी आणि विश्रांती पोचली नाही.

प्रचलित समीक्षेची चिकित्सा :

वरील विवेचनाच्या प्रकाशात समीक्षेच्या दोन प्रवृत्तींवर आक्षेप घ्यावा लागतो. पहिली प्रवृत्ती म्हणजे 'दारिद्र्यचित्रण' हे सदर. दारिद्र्य हे कारण म्हणून पुढे केले की जात मागे पडते. गरीब सवर्णाच्या घरीही भूक असते, पण मृत जनावर ओढणे हा त्याच्या जन्माचा करार नसतो आणि सार्वजनिक विहीर त्याला बंद नसते. दुसरी प्रवृत्ती म्हणजे 'अंधश्रद्धाचित्रण' हे सदर. त्यात रोगाची जबाबदारी रोग्यावरच येते. आत्मकथनकार समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो आणि समीक्षक नकळत त्याच्याच आजीला तेथे आणून उभे करतो.

अर्थात आत्मकथनांच्याही काही मर्यादा आहेत. शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या व्यक्तीची ही कथने आहेत. त्यामुळे मागे राहिलेल्या वस्तीकडे पाहताना त्यांत कधी सुधारकाचा अधीरपणा येतो. पुरुषांच्या लेखनात स्त्रीच्या शरीराचे दुःख पुष्कळदा अव्यक्त राहते. शिवाय रोगांची नावे लोकभाषेतील असल्याने वैद्यकीय निदान निश्चित करता येत नाही. या मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते. सरकारी अहवाल किती मेले हे सांगतो. ते कोणत्या घासाने, कोणत्या घोटाने आणि कोणत्या कामाने मेले, हे ही पुस्तके सांगतात. आरोग्याच्या सामाजिक इतिहासासाठी या साधनांना पर्याय नाही.

जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्शो यांनी १८४८ मध्ये सायलेशियातील साथीचा अभ्यास करून, औषधाआधी लोकांना शिक्षण, स्वातंत्र्य आणि सुबत्ता मिळाली पाहिजे, असे प्रतिपादन केले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ मध्ये आरोग्याच्या सामाजिक निर्धारकांचा अहवाल सादर केला. मराठी आत्मकथनकारांनी ही परिभाषा वापरली नाही. तरीही त्यांच्या निवेदनाची दिशा तीच आहे, हे समीक्षेने नोंदविणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

१. निवडक आत्मकथनांत रोग हा दैवाचा किंवा अज्ञानाचा परिणाम म्हणून येत नाही. पाणी, अन्न, वस्ती, काम आणि उपचार यांच्या विषम वाटणीचा परिणाम म्हणून तो येतो.
२. विटाळाच्या कल्पनेने उभारलेल्या व्यवस्थेने वंचित समाजाकडे प्रत्यक्ष संसर्ग वळविला.
३. 'जिणं आमुचं' या आत्मकथनामुळे बाळंतपणातील संसर्ग आणि उपासमार हा विषय मराठी साहित्यात प्रथमच इतक्या स्पष्टपणे आला.
४. 'दारिद्र्य' आणि 'अंधश्रद्धा' ही समीक्षेची सदरे अपुरी असून त्यांमुळे कारणाऐवजी रोग्यालाच दोष दिला जातो.
५. १९१८ आणि २०२० या दोन साथींतील आकडे आत्मकथनांच्या साक्षीला दुजोरा देतात.
६. आजच्या ऊसतोड कुटुंबांच्या आरोग्याचा प्रश्न समजून घेण्यासाठी 'उपरा' आणि 'उचल्या' यांतील भटकंती व हजेरी यांचे चित्रण उपयुक्त ठरते.

समारोप :

२०२० मध्ये 'सामाजिक अंतर' हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला. अनेकांनी त्याऐवजी 'शारीरिक अंतर' म्हणावे असा आग्रह धरला आणि तो रास्त होता. याच काळात, जुने सोवळे-ओवळे शास्त्रीयच होते, असा सूरही काही ठिकाणी उमटला. या सुराचे उत्तर प्रस्तुत आत्मकथनांत आहे. संसर्ग टाळण्यासाठी ठेवलेले अंतर साथ ओसरताच संपते, ते दोन्ही बाजूंनी पाळले जाते आणि आजाऱ्याला औषध-पाणी पोचविण्याची जबाबदारी त्यात गृहीत असते. सोवळ्याचे अंतर पिढ्यान्पिढ्या टिकले, ते एकाच बाजूवर लादले गेले आणि आजाऱ्याचे पाणीच त्याने तोडले.

मुखेड परिसरातील महाविद्यालयाच्या वर्गात बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचे आईवडील त्याच वेळी पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील फडावर असू शकतात. त्याच्या हातात 'उपरा' किंवा 'उचल्या' असेल तर त्यातील आजारपण त्याला परके वाटणार नाही. 'समाज अज्ञानी होता' हे उत्तर त्याने पाठ करावे, की हे पाणी कोठून आले आणि ते कोणी दिले नाही हा प्रश्न त्याने विचारावा, हे पुष्कळ अंशी समीक्षेने आणि अध्यापनाने त्याला कसे वाचायला शिकविले यावर अवलंबून राहील.